माझ्या ईमेलचं कुलूप

मंगळ., ६ जाने.

काल सायलीचा फोन आला, तोंड दिसणारा. तिची बोट कुठल्यातरी बंदराला लागलीय. मागं पिवळ्या क्रेनी, पाणी काळं. नात माझी उन्हानं रापली, पण दंड बघा तिचे! दोर ओढून ओढून बापासारखे झालेत. मी तेवढंच बघत व्हते, तर मंदानं फोन दत्तूच्या खुर्चीकडं वळवला. खुर्ची रिकामी. लेक माझा जीपला पाणी मारायला गेला. जीप सकाळीच धुतलेली.

पोरीनं ती खुर्ची बघितली. म्हणाली, "आजे, महिनाअखेरीला माझा करार संपतोय. घरी यायचं का तशीच दुसऱ्या बोटीवर चढायचं, ते कंपनीला कळवायचंय. बाबा 'ये' म्हणले तर येते. तू म्हणून चालायचं न्हाई, आईनं म्हणूनबी न्हाई."

मग रेंज गेली.

दत्तूचं असं की गेल्या साली सुपारी फुटायची तोच आठवडा, अन् बोटीवरचं बोलावणं आलं. पोरगी गेली. जुन्नरला मित्राच्या घरी ह्यानं शब्द दिलेला, तिथं उंबऱ्यात उभं राहून हात जोडावे लागले. तेव्हापासून लेकीचं नाव तोंडात न्हाई. 'ती' म्हणतो. कधी कधी तेबी न्हाई.

मंदा म्हणजे माझी सून, सायलीची आई. लिहिणारी तीच. मला विचारते, आत्या, तुमी बोलता तसं लिहू का शाळेतल्यासारखं? म्हणले, तू तुझं लिही, मी माझं बोलते, मधी कुठंतरी भेटू.

बुध., ७ जाने.

बोट बंदरातनं सुटली. आता पुन्हा बंदर येईपर्यंत फोन न्हाई. पण समुद्रातबी ईमेल जाते म्हणे. नुसती अक्षरं, फोटू न्हाई, बोटीच्या कंपनीच्या पत्त्यावर. हे सायली वर्षभर सांगतेय, कुणी मनावर घेतलं न्हाई.

मी घेतलं. मला ईमेल पाहिजे. माझ्या नावाची.

मंदा म्हणाली, माझ्या फोनवरनंच पाठवू की. म्हणले, फोन तुझ्या कमरेला, तू भाताच्या खाचरात. दत्तूला दिसायचा कधी? सायलीचा कम्पुटर माजघरात हाय. दारातनं आत आला की आडवा येतो. चिठ्ठी तिथंच आली पाहिजे.

मंदा माझ्याकडं बघतच राहिली. इतकी वर्षं ह्या घरात नांदली, अजून सासू कळली न्हाई.

कम्पुटरावर दत्तूनं गोणपाट टाकलेलं, कांद्याचं. पोरगी गेली त्या दिवशी टाकलं. ते आम्ही काढलं. खाली कोळ्यानं जाळं विणलेलं. आमच्या ह्यांच्या मासळीच्या जाळ्यापेक्षा बारीक.

गुरु., ८ जाने.

मशीन चालू झालं!

आधी मी त्याला हळद-कुंकू वाहिलं. नवी म्हैस आणली तरी वाहतो, ह्यानं काय पाप केलंय? चालू करायच्या बटणावर कुंकवाचं बोट टेकवलं, म्हणजे बटण कुठलं ते मला कळतं. बाकीच्या बटणांना मी हात लावत न्हाई. ते एक माझं. सकाळपासून तीनदा चालू केलं. मंदा वैतागली.

नेट मंदाच्या फोनची वायर जोडून.

दत्तू दुपारी जेवायला आला. रोजच्यासारखं डिंभे ते घोडेगाव दोन फेऱ्या मारून. दारात थबकला. गोणपाटाची घडी बघितली. विचारलं, "हे कुणी काढलं?"

मी म्हणले, "कांदं आलं का? मग रिकामं गोणपाट कशाला गुंतवून ठिवायचं?"

जेवून पुन्हा फेरीला गेला.

शुक्र., ९ जाने.

आज ईमेल काढली. सगळं सांगते, लिही मंदे, काही गाळू नको.

पहिलं, नाव. हौसाबाई म्हणून घातलं तर मशीन म्हणालं, ह्या नावाचा पत्ता आधीच कुणीतरी घेतलाय. कुठली असंल ही हौसा? मला तिला बघायचंय. मग मंदानं 'हौसाआजी' घातलं, ते मिळालं. हौसा जगात लई असतील, आजीपणाला मी एकटी पोचले.

जन्मतारीख. आधारवर १ जानेवारी हाय. आमच्या वाडीतल्या सगळ्या म्हाताऱ्या १ जानेवारीच्या. आमच्या आयांनी ठरवून केलं असंल.

मग मोबाईल नंबर. मंदाचा घेईना. तिचा नंबर म्हणे आधीच लई खात्यांना लागलाय. फोन घेतला त्या दुकानदारानंच कुठं कुठं चिकटवला. आमच्या ह्यांच्या डबड्याचा रिचार्ज संपलेला, त्याच्यावर काही येत न्हाई, काही जात न्हाई. राहिला दत्तूचा.

तो पाटावर बसलेला. मी म्हणले, "दत्तू, तुझ्या फोनवर आकडा येईल, तेवढा वाचून दाखीव."

"कशाचा आकडा?"

"माझ्या कामाचा."

"तुझं काय काम मशीनीत?"

"तुझ्या जीपीत बसताना मी विचारते का, इंजनात काय हाय म्हणून?"

फोन वाजला. तोंडात घास, तसाच त्यानं आकडा वाचला. मंदानं बडवला. लेकीसाठी बापाच्या तोंडून वर्षानं काही निघालं, ते आकड्यात निघालं. चालंल. सुरवात हाय.

मग पासवर्ड. मंदा म्हणाली, "आत्या, हे कुलूप असतं. असा शब्द सांगा, जो तुमी कुणापुढं तोंडातनं काढत न्हाई."

मी म्हणले, असा शब्द तर माझ्याकडं लग्नापासनं हाय. सांभाळून ठेवलाय.

"कुठला?"

मी ओसरीकडं बोट केलं. तिथं आमचे हे जाळ्याची भोकं शिवत बसलेले.

मंदाला हसू आवरेना. सासऱ्याचं नाव तीबी घेत न्हाई. पण बोटानं बडवायला काय हरकत? आम्ही दोघी हसत हसत, पदर तोंडाला लावून, ह्यांचं नाव मशीनीत घातलं. पुढं काहीतरी आकडे लागतात म्हणाली, ते तिनं लावले.

हे ओसरीवरनं म्हणतात, "काय चाललंय? माझं नाव काढलं कुणी?"

म्हणले, "काढलं न्हाई. ठिवलं."

शेवटी मशीनीनं विचारलं, तू माणूस हाय का यंत्र. नऊ चौकोन दाखवले, म्हणे ह्यातल्या बसगाड्या दाखव. मंदा डोळे बारीक करून बघतेय. मी म्हणले सरक. ही, ही, अन् ती झाडामागची, तिचं नुसतं टप दिसतंय ती. पटापट. मंदा म्हणाली, बरोबर आलं! येणारच. डिंभ्याच्या फाट्यावर एसटीची वाट बघण्यात उमर गेली. धुळीवरनं गाडी ओळखते मी.

अक्षर येत न्हाई, पण आज परीक्षा पास झाले. गूळ वाटला.

शनि., १० जाने.

पहिली चिठ्ठी पाठवली.

मी लई बोलले. शेळी व्याली, दोन पिल्लं, दोन्ही पाटी. धरणाचं पाणी उतरायला लागलं, जुन्या देवळाचा कळस दिसतोय. आजोबाला जाळ्यात मरळ घावली, ती विकली न्हाई, आम्हीच खाल्ली. तुझं नाव काढून खाल्ली. मंदा टकटक करत व्हती. मी थांबले तर तीबी थांबली.

म्हणले, "मी एवढं बोलले अन् तू एवढंच बडवलंस?"

म्हणाली, "आत्या, मजकूर तोच हाय. जरा आवरून घेतला."

"आवरायला काय तो उकिरडा हाय? मी 'मरळ घावली' म्हणताना मधी थांबले व्हते, तेबी आलं पाहिजे."

पुन्हा बडवायला लावलं.

बापाचं मी एक अक्षर सांगितलं न्हाई. नुसतं जीपचं सांगितलं. जीपला मागचे दोन टायर नवे टाकले. जीपचा हारन बसला व्हता, दुरुस्त केला. जीपच्या आरशाला तुझी शाळेतली लाल रिबीन अजून बांधलेली हाय, उन्हानं गुलाबी झाली, सोडवत न्हाई कुणी.

जीपचं सांगायला कुणाची बंदी न्हाई.

मंगळ., १३ जाने.

आलं! उत्तर आलं!

मंदानं उभ्या उभ्या वाचलं. इंग्रजी अक्षरात मराठी, त्यामुळं अडखळत. सायली लिहिते, आजे तुझी ईमेल बघून मी जेवणघरात ओरडले, सगळे धावत आले. केरळचा एक आचारी हाय, तो म्हणाला माझ्या आजीला फोन धरता येत न्हाई, तुझ्या आजीची ईमेल?

पुढं मोठं. कप्तानानं तिच्या हातात सुकाणू दिलं. सगळ्या बोटीचं. डोंगराएवढी बोट, अन् आमची पोर धरून उभी. लिहिते, जमलं, कारण आजोबानं होडीत शिकवलं तेच तिथंबी, पाण्याशी भांडायचं न्हाई.

हे मी ह्यांना सांगितलं. हे जाळं शिवत व्हते. सुईत दोरा ओवायला बराच वेळ लागला.

शेवटी एक ओळ: रिबीन अजून हाय?

ती ओळ मंदाला मी पुन्हा वाचायला लावली. मोठ्यानं. दत्तू मोरीत हातपाय धूत व्हता.

पाणी थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

बुध., १४ जाने. संक्रांत

तिळगूळ. दुसरी चिठ्ठी पाठवली. तीळ पाठवता येत न्हाईत म्हणून मंदाला 'तीळ तीळ तीळ' असं बडवायला लावलं, मूठभर होईल इतकं.

दवाखान्यात बीपी बघायला गेले. नवी नर्सबाई नाव-गाव लिहून घेत व्हती. फोन नंबर? न्हाई. तिनं रेघ मारली. म्हणले, थांबा, ईमेल हाय. तिनं मान वर केली. बाकड्यावरच्या सगळ्यांनी केली. बीपी जास्त निघाला. ते बीपी न्हाई बाई, ती ऐट हाय, असं मी तिला सांगितलं.

रवि., १८ जाने.

आज माझ्या हातनं गाढवपणा झाला. लिही. जसा झाला तसा लिही.

पारूकडं हळदीकुंकू व्हतं. पारू म्हणजे माझी विहीण न्हाई, वैरीण न्हाई, मधलंच काहीतरी. बालपणापासनं बरोबर हाय. तिचा लेक पुण्याला, तो तिला रोज व्हिडिओ लावतो, ते ती अख्ख्या वाडीला ऐकवते. वाण घेताना म्हणाली, "हौसे, तुझी नात कुठं बुडाली का तरंगतेय, काही कळतं का गं?"

म्हणले, "कळतं की. ईमेल येते मला."

"तुला? वाचतं कोण?"

"तुला व्हिडिओ येतो, तो लावतं कोण?"

बाया हसल्या. मग सगळ्यांनी धरलं, हौसाबाई, नाव घ्या! एवढी ईमेलवाली झाली, नाव घे! मी बऱ्याच वर्षांत घेतलं न्हाई. पण अंगात वारं शिरलेलं. उभी राहिले. पदर सावरला. तिथंच सुचलं:

"डिंभ्याच्या पाण्यात वल्हं वाजे चुळूप चुळूप,
…रावांचं नाव माझ्या ईमेलचं कुलूप!"

(मधलं मंदानं लिहिलं न्हाई. तिला सासरा हाय.)

हशा झाला, टाळ्या झाल्या. पारूनंबी वाजवल्या. माझी छाती ही एवढी. अन् मंदाकडं बघितलं तर ती पांढरीफटक. कानाशी येऊन म्हणाली, "आत्या, सगळ्या वाडीला पासवर्ड सांगितलात."

आता वाडीत ह्यांचं नाव कुणाला ठावं न्हाई? मतदार यादीत हाय, सोसायटीच्या भिंतीवर हाय. फक्त त्याचं कुलूप केलंय, हे कुणाला ठावं नव्हतं. तेच मी गाऊन दाखवलं.

वाटेनं दोघी खाली माना घालून भराभर चाललो. मग मंदाला हसू फुटलं. मग मलाबी. ओढ्यात बसून हसलो.

सोम., १९ जाने.

कुलूप बदलायचं. दिवसभर विचार केला. शेळीचं नाव? पारूला ठावं. देवाचं? ते सगळ्यांचं.

दिवेलागणीला सुचलं. मंदाच्या कानात सांगितलं.

ते इथं लिहायचं न्हाई. एवढंच लिही: ते एक नाव हाय. सायली रांगत व्हती तेव्हा दत्तूनं ठेवलेलं. तिला तो एकटाच त्या नावानं हाक मारायचा, जीप वळणावर आली की मोठ्यानं. बाकी कुणी मारली तर पोर ओ द्यायची न्हाई. वर्ष झालं, ह्या घरात ते ऐकू आलं न्हाई.

मंदाचे हात बटणांवर तसेच राहिले. म्हणाली, "आत्या, हे…"

म्हणले, "बडव."

बडवलं.

मी नवऱ्याचं नाव घेत न्हाई ते मानापायी. लेक माझा पोरीचं नाव घेत न्हाई ते रागापायी. तोंड मिटलेलं दोघांचं, दिसायला सारखंच.

हे जास्त शहाणपणाचं झालं. खोड. खोडलं न्हाईस? बरं, राहू दे.

बुध., २१ जाने.

सायलीची ईमेल. कंपनीनं विचारलंय, पुढच्या गुरुवारपर्यंत सांग. घरी जाणार का दुसऱ्या बोटीवर जाणार. "आजे, मला घरी यायचंय. पण मागल्या दारानं न्हाई यायचं. बाबांचा शब्द मोडला ते मला ठावं हाय. ते रागावून का होईना, एक ओळ लिहू देत."

मंदानं वाचून डोळे पुसले अन् म्हणाली, मी ह्यांना सांगते, हातापाया पडते.

मी म्हणले, पडू नको. पाया पडून मिळवलेली ओळ ती ओळखंल. शहाणी हाय पोर, माझ्यावर गेलीय.

गुरु., २२ जाने. गणेश जयंती

दत्तू पहाटेपासनं ओझरच्या फेऱ्यांवर. जीप भरून भाविक न्यायचे, भरून आणायचे. सांजच्याला आला, अंगावर सगळी धूळ. विघ्नहराचा प्रसाद आणला, कागदाच्या पुड्या. घरात माणसं चार. पुड्या पाच.

मी मोजल्या, पण बोलले न्हाई. आपण बोललो की तो एक पुडी शेजारी देऊन येईल.

पाचवी पुडी कम्पुटरावर ठेवली कुणी, ते मला ठावं न्हाई. मी ठेवली न्हाई, मंदानं ठेवली न्हाई, अन् आमचे हे प्रसाद ठेवत न्हाईत, खातात.

शुक्र., २३ जाने.

मंदा उद्या माहेरी, आणे गावाला. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. पार पठारावर, जायलाच दिवस मोडतो. आठवडाभर राहील. पोरीला ईमेलीत तसं कळवलंय.

जाताना म्हणाली, "आत्या, ईमेल उघडीच ठिवून जाते. ह्यांनी मशीन चालू केलं की दिसंल."

म्हणले, "कुलूप लाव."

"मग उघडणार कोण? मामंजींना इंग्रजी बटणं येत न्हाईत. तुम्हाला…"

"ज्याचं त्याला येईल."

"अन् नाही आलं तर? गुरुवार जाईल, आत्या."

हे ती लिहितानाबी विचारतेय. मला रात्रभर झोप लागंल का, ते विचार. पण कुलूप लाव.

लावलं.

रवि., २५ जाने. रथसप्तमी

आजपासून लेखणी आमच्या ह्यांच्याकडं. चौथी पास. अक्षर मोठं, वेग कासवाचा. मी एक वाक्य बोलून भाकरी थापून येते तोवर पूर्णविराम पडतो.

(इतका उशीर लागत नाही. — लिहिणारा)

बघा. मधी मधी स्वतःचं घालतात. मंदा बरी व्हती.

दत्तू दोन दिवस मशीनीभोवती फिरतोय. आज भाकरी खाताना म्हणाला, "तिकडनं काही आलं का?"

"कुणीकडनं?"

"मशीनीत."

"कुणाचं यायचं व्हतं?"

"आई, उगं…"

मी म्हणले, "नाव घे की! हळदीकुंकवाला बायका मला धरतात, नाव घे, नाव घे. मी म्हातारी उभी राहून घेते. तुला कसली लाज?"

ताट सरकवून उठला. जीप घेऊन गेला. अर्धी भाकर राहिली.

आमचे हे म्हणाले, जास्त ताणलंस. म्हणले, तुमी जाळं ताणता तेव्हा मी बोलते का? "बोलतेस," म्हणाले.

जेवण मलाबी गेलं न्हाई.

सोम., २६ जाने.

शाळेत झेंडा. मुलांच्या हातात लाडू.

मशीन मी चालू केलं. कुंकवाच्या बोटावर बोट. उजेड आला, निळा. पुढं काय, ते मला येत न्हाई. समोर बसून राहिले. आत पोरीची चिठ्ठी असंल. डब्यात लाडू हाय, झाकण घट्ट, असं.

मंदा फोनवर विचारते, झालं का? म्हणले, तुझ्या आईचा डोळा कसाय ते सांग.

मी चुकले असंन का, हे आज पहिल्यांदा मनात आलं. लिहा, लिहा. ते लिहायला बरं भराभरा जमतंय.

मंगळ., २७ जाने.

दत्तू दुपारचीच जीप लावून आला. प्रवासी फाट्यावर उभे, हा घरी. हातपाय धुतले. खिशातनं वायर काढली, नवी, कागदात गुंडाळलेली. घोडेगावात घेतली असंल. आपला फोन मशीनीला जोडला.

मला म्हणाला, "चालू कर."

म्हणले, "तूच कर की."

"तुझं बटण हाय म्हणतेस ना? कर."

केलं.

खुर्चीवर बसला. आमचे हे ओसरीवरनं आत आले अन् उगाच दाराला टेकून उभे राहिले. मशीनीनं कुलूप दाखवलं. दत्तूनं माझ्याकडं बघितलं.

"पासवर्ड काय?"

"तुला ठावं हाय."

"मला कसा ठावं असंल? मंदीनं घातलाय."

"मंदीनं बडवलाय. घातला मी. तुला ठावं हाय."

मला वाटलं, आता उठतो. हात गुडघ्यावर ठेवले, उठायला ठेवतात तसे. ओसरीवर शेळीची पिल्लं ओरडत व्हती. तो मशीनीकडं बघतच राहिला. मग ते हात गुडघ्यावरनं वर आले.

एका बोटानं. एक अक्षर शोधायचं, दाबायचं. दुसरं शोधायचं. मोठ्यानं न्हाई म्हणला. पण दाबताना ओठ हालत व्हते, अन् मी बाजूलाच. मला वाचता येत न्हाई, पण ते नाव मी त्याच्या ओठावर वाचलं.

"पुढं आकडे?" त्यानं विचारलं.

आकडे मला कुठलं ठावं? हे दारातनं म्हणाले, "पोरीच्या जन्माचं साल टाक." टाकलं.

उघडलं. पहिल्या फटक्याला.

ह्यांना कसं ठावं? म्हणे, मंदाच्या जागी मी असतो तर तेच टाकलं असतं. चौथी पास, पण माझा नवरा हाय.

(धन्यवाद. — लिहिणारा)

नवी चिठ्ठी व्हती. दत्तूनं वाचून दाखवली, माझ्याकडं न बघता. "आजे, आई आण्याला गेलीय ना, मग ही उघडणार कोण? कुणी उघडली तर त्याला सांग, काल वादळ व्हतं. मी सुकाणूवर नव्हते, पण पहाऱ्यावर व्हते. घाबरले न्हाई. थोडी घाबरले. गुरुवारी सांगायचंय."

'थोडी घाबरले' इथं तो थांबला. ते त्यानं पुन्हा वाचलं, पण मनातल्या मनात.

मग म्हणाला, "आई, तू जरा चुलीकडं हो. आबा, तुमीबी."

झालो. चुलीला काही काम न्हाई, तरी फुंकत बसले. आतनं टक… टक… मग लई वेळ काही न्हाई. मग भराभर टकटक, कुणी दार वाजवावं तसं. मग एकाच बटणावर पुष्कळ वेळ. आमचे हे कुजबुजले, खोडतोय. म्हणले, तुमाला काय ठावं? म्हणाले, लिहिणाऱ्याला कळतं.

पुन्हा टक.

बाहेर आला तेव्हा डोळ्यात काही दिसलं न्हाई, माझ्या लेकाचं तोंड म्हणजे भिंत. पण जीपकडं गेला अन् आरशाची रिबीन सोडली. मला वाटलं, आता टाकतो. झटकली, पुसली, पुन्हा बांधली. गाठ घट्ट मारली.

बुध., २८ जाने.

काय लिहिलं, विचारलं न्हाई. 'ये' लिहिलं का 'येऊ नको', का नुसतं टायरचं लिहिलं, देव जाणे. पाठवलं का खोडलं, तेबी देव जाणे. मंदा फोनवर रडकुंडीला आलेली, आत्या, मी इथनं उघडून बघू का? म्हणले, उघडशील तर आण्यालाच राहा. ते आता तुझं न्हाई, माझंबी न्हाई. कुलूप त्याच्याकडं गेलं.

पारू सकाळी आली, मशीन बघायला. म्हणाली, "एवढंसं? मला वाटलं मोठं असंल." मग हळूच, "माझ्या नावाची काढशील का गं ईमेल? रोज व्हिडिओत पोरगा नुसतं 'जेवलीस का' विचारतो." तिला बसवलं, च्या दिला. सांगितलं, आधी एक शब्द शोध, जो तू तोंडातनं काढत न्हाईस. विचार करत गेली. लई दिवसांनी गप गेली.

गोणपाट दत्तूनं जीपमधी टाकून नेलं. कांदं भरायला म्हणे. कांदं काढायला अजून वेळ हाय. मशीन उघडंच हाय. पाचवी पुडी तिथंच.

ऊन कलायला लागलं. उद्या गुरुवार.

आत्ता जीप वळणावर वाजली. रोज फाट्यावर च्या प्यायला थांबतो, आज थांबला न्हाई, आवाजावरनं कळतं. पुरे करा तुमचं लिहिणं, पूर्णविराम मागनं द्या. पोरीचं उत्तर बघायलाच आला असंल, तो चपला काढायच्या आत मशीनीला उजेड पाहिजे. कुंकवाचं बोट पुसट झालंय, पण जागा ठावं हाय.

बटण मी दाबते. ते मला येतं.